दातवण न चढलेले दात

माझ्या तोंडातले दोन धडधाकट दात माझ्या वडिलांनी पैसे मोजून घासून खुंट करायला लावले. त्या दोन दातांना ना कीड होती, ना ते हलत होते. ऊस सोलायचे, चिंचोके फोडायचे, कधी कधी धाकट्या भावाला चावायचेही. त्यांचा दोष एवढाच की त्यांच्या मधले दोन दात नव्हते, आणि ते नाहीत हे जगाला कळू द्यायचं नव्हतं.

आम्ही हिंगणघाटला राहायचो. बाबा एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, काट्यावर कारकून होते. शेतकऱ्यांच्या बैलबंड्या यायच्या, कापूस तोलला जायचा, बाबा वजन लिहायचे. घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर सरकी-कापसाचे तंतू चिकटलेले असत. आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांची मिळून एक विहीर होती, तिच्यावर लाकडी रहाट. पंधराव्या वर्षी एका सकाळी भरलेली बादली वर ओढताना माझा हात सुटला. बादली खाली गेली, रहाट उलटा गरगर फिरला आणि त्याचा दांडा माझ्या तोंडावर बसला. वरचे समोरचे दोन दात गेले. एक हातात आला, दुसरा विहिरीत पडला. पुढचे कितीतरी दिवस मोहल्ल्यातल्या बाया पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होत्या आणि माझ्याकडे असं पाहत होत्या, जणू मी मुद्दाम थुंकले होते.

ओठ सुजला, बरा झाला, आणि आईनं पहिली गोष्ट शिकवली ती तोंड मिटून हसण्याची. दुसरी गोष्ट शिकवली कमी बोलण्याची. दोन्ही मला जमणाऱ्या नव्हत्या. मी बोलघेवडी. शाळेत असताना मास्तरांनी माझ्या बडबडीपायी मला दाराबाहेर उभं केलेलं. पण आता बोलले की शब्दांबरोबर वारा निघायचा आणि पोरं खिदळायची.

सोळा-सतराची झाले तशी माणसं पाहायला येऊ लागली. आई सांगायची, मान खाली घालून बस, विचारलं तेवढंच सांग. मी तसंच करायची. पण पाहायला येणाऱ्यांत एक तरी आत्या किंवा मावशी अशी असते, जिला देवानं त्याच कामासाठी जन्माला घातलेलं असतं. "पोरी, जराशी हस तं!" ती म्हणायची. मी ओठ ताणायची. "तशी नाई वं, मोकळी हस." मग मी मोकळी हसायची आणि चहा पिऊन पाहुणे निघून जायचे. निरोप यायचा नाही. असं झालं की आई दोन दिवस भांडी आदळायची. भांड्यांचा काय दोष होता ते तिलाच ठाऊक.

जिनात कुणीतरी बाबांना सांगितलं की नागपूरला दात बसवून मिळतात. म्हाताऱ्याची कवळी नव्हे, तरुण माणसाचे, असे की देवालाही ओळखू येऊ नयेत. तेव्हा नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होती आणि तिथं मिळत नाही अशी गोष्ट जगात नाही, असा आमचा समज होता. बाबा मला पॅसेंजरनं घेऊन गेले. सीताबर्डीवर जिना चढून वर एका डॉक्टरची खोली होती. फाळणीत लाहोरकडून आलेला हा पंजाबी माणूस. गोरा, उंच, बोटांना लवंगेच्या तेलाचा वास. मला बेटी म्हणायचा. त्यानं माझं तोंड उघडून आरसा फिरवला आणि बाबांना समोर बसवून नीट समजावलं. त्याच्या बाजूनं हे मला सांगितलंच पाहिजे, की त्यानं काहीही लपवलं नाही.

तो म्हणाला, दोन तऱ्हा आहेत. एक काढता-घालता येणारे दात. गुलाबी पट्टीवर दोन दात, टाळूला चिकटवायचे, झोपताना काढून पाण्यात ठेवायचे. बाकीच्या दातांना धक्का नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे पक्का पूल. नसलेल्या दातांच्या दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून खुंटाएवढे बारीक करायचे, त्यांच्यावर सोन्याच्या टोप्या बसवायच्या, आणि त्या टोप्यांना धरून मधले दोन दात. समोरून सगळं चिनी मातीचं, पांढरं. मग ते निघत नाहीत.

"बच्ची है अभी," डॉक्टर म्हणाला. "अच्छे दाँत काटने का मेरा मन नहीं करता, बाबूजी. निकलने वाले बनवा लो."

बाबांनी मान हलवली. "वो नहीं चलेगा, डॉक्टरसाब. शादी के बाद निकालके रखेगी कहाँ? आदमी को दिखेगा नहीं क्या?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीतून रस्त्यावरच्या टांग्यांकडे पाहिलं. मला कोणी काही विचारलं नाही, आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वावगं आज वाटतं.

यंत्र पायानं चालवायचं होतं, शिलाई मशीनसारखं. डॉक्टर पायानं पावडी हलवायचा आणि हातातली सुई घरघर करत दातावर फिरायची. आधी इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे दुखलं कमी. पण आपल्याच हाडाचा जळका वास नाकात गेला तो मी विसरले नाही. घासून झाल्यावर जिभेनं चाचपलं. माझे दात होते तिथं तांदळाच्या कणीसारखं काहीतरी लागलं. डॉक्टरनं मेणात ठसा घेतला, नमुन्याच्या दातांची एक पेटी आणली आणि माझ्या खालच्या दाताला एकेक लावून रंग जुळवला. बाबांना त्यातला सगळ्यात पांढरा हवा होता. डॉक्टर हसला आणि त्यानं एक घर खालचा घेतला. पुढच्या फेरीत दात बसले. मी आरशात पाहिलं. खरं सांगते, मी सुंदर दिसत होते. त्या जिन्यावरून उतरताना मी इतकी बोलले की गाडीत बसेपर्यंत बाबांनी दोनदा गप्प बस म्हटलं.

परत आल्यावर आईनं शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही. सासरी तर मुळीच नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. आई स्वतः खेड्यातून आलेली. लग्न झाल्यावर काही वर्षं ती दात काळे करणारं दातवण लावायची. हिंगणघाटला आल्यावर, गिरणीवाल्यांच्या बायका लावत नाहीत म्हणून सोडलं, पण तिच्या दातांच्या मुळाशी काळपट रेघा कायम होत्या. रोज सकाळी राखुंडीनं दात घासताना ती त्या रेघा आरशात पाहत असे. इतकी हुशार बाई, सतरा गोष्टींचा आधीच विचार करणारी, तिला एवढी एक गोष्ट सुचू नये? पण नाही सुचली. बाबांना तर सुचण्याचा प्रश्नच नव्हता.

वैशाखात माझं लग्न झालं. पाहायला आलेल्या आत्यानं हसायला सांगितलं आणि मी असं हसले की तिनंच पहिला होकार दिला. सासर कारंज्याजवळच्या गावात. शेती बागायती, वांगी, मिरच्या, कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी सासरे आणि माझे यजमान बंडी भरून कारंज्याला न्यायचे. घरात सासरे, म्हणजे मामंजी, सासूबाई, आणि आम्ही दोघं. शेजारच्या घरात चुलतसासू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या बोलायला लागल्या की तोंडात काळोख दिसायचा. वरचे खालचे सगळे दात काळेभोर, जांभळाच्या बीसारखे चकचकीत. त्या वयाच्या सगळ्याच बायांचे तसे. मी रोज ते दात पाहत होते. मलाही काही सुचलं नाही.

श्रावणात वावरात मका तयार झाला. एका दुपारी बांधावर बसून आम्ही कणसं खात होतो. समोरच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं, म्हणून मी अंगठ्यानं दाणे काढून तोंडात टाकत होते.

"काऊन वं, कणीस असं काऊन खाऊन राह्यली?" यजमान म्हणाले. "तोंडानं खा नं."

काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. चांगला दिसत होता हो तो माणूस त्या दिवशी. डोक्याला मुंडासं, पायाला चिखल, आणि माझ्याकडे असा पाहत होता की त्याच्यापासून काही लपवावंसं वाटेना. मी म्हटलं, "माहे समोरचे दात खोटे हायेत. विहिरीवर पडले होते. बाबानं नागपूरले बसवून देल्ले."

"पाहू बरं."

मी तोंड उघडलं. त्यांनी नखानं टकटक करून पाहिलं आणि हसले. "लयच मस्त बसवले बुवा! मले तं समजलंच नसतं." मग कणीस माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः दाणे काढून माझ्या ओंजळीत टाकत बसले. "मायले मात्र सांगू नोको. ते जुनी बाई हाये."

त्यानंतर महिनाभर मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. उसाचं कांडं आलं की ते सोलून तुकडे करून द्यायचे. पेरू कापून द्यायचे. आत्याबाई म्हणायच्या, बायकोचे लाड करून राह्यला, आणि आम्ही एकमेकांकडे पाहून हसायचो. नवराबायकोचं एक गुपित असलं की घर आपलं वाटतं. मला वाटलं, आता भिंत पडली तरी हरकत नाही, एक माणूस माझ्या बाजूला आहे.

भाद्रपद तोंडावर आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, दोघी, आणि त्या घरात दोन दिवस पाय ठेवायला जागा नसते. बसण्याआधी आठ-दहा दिवस आत्याबाईंनी खलबत्ता काढला. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून काळी भुकटी केली. मी विचारलं, हे काय?

"तुह्यासाठी दातवण," त्या म्हणाल्या. "पहिल्या महालक्ष्म्या तुह्या. आमच्या घरी पांढऱ्या दाताची सून सवाशीण म्हणून पाटावर बसत नाई. पांढरे दात एक तं कुवारीचे, नाई तं रांडमुंड बाईचे. रोज लावजो, सणापावतर चढते बराबर."

मी हातातलं काम तसंच टाकलं. वावरात गेले आणि यजमानांना म्हटलं, काही करून आत्याबाईंना सांगा, दातवण नको. शहरातली पोरगी आहे म्हणा, सवय नाही म्हणा, काहीही म्हणा. मातीच्या दाताला रंग चढणार नाही. कळलं तर मला परत पाठवतील.

ते मिरचीच्या रोपाची पानं उलटून कीड पाहत होते. "बायाइच्या गोष्टीत मी काय बोलू?" ते म्हणाले. "लाव नं. कोण पाह्यते इतकं?"

मी लावलं. आत्याबाई स्वतः बोटानं लावून द्यायच्या, ओठ बाजूला करून, मायेनं. तुरट, लोखंडासारखी चव, जीभ आक्रसून जायची. घटकाभर तोंड मिटून बसायचं, मग चूळ. पहिल्या दिवशी दात राखाडी झाले, दुसऱ्या दिवशी जांभळट. पाच-सहा दिवसांत सगळे काळे. सगळे म्हणजे ते चार सोडून. दोन मधले आणि दोन टोप्यांचे. दातवण लावलं की त्यांच्यावरही बसायचं, पण चूळ भरली की धुऊन निघायचं. काळ्या दातांच्या मधोमध चार पांढरे. आत्याबाई लावायच्या तेव्हा तोंड काळं असायचंच, चूळ मी मागे न्हाणीशी जाऊन भरायची आणि पदर तोंडावरून काढायची नाही. नवी सून लाजते असं सगळ्यांना वाटलं.

सणाच्या सकाळी मी दिव्याची काजळी एरंडेलात कालवली आणि त्या चार दातांना फासली. आरशात पाहिलं. ठीक दिसत होतं. मी देवीला हात जोडून म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे.

दुपारी सवाष्णी जेवायला बसल्या. पहिली वाढली ती आंबील. ज्वारीची, ताक घातलेली, गरम. महालक्ष्म्यांचा प्रसाद, नाही म्हणता येत नाही. मी ओठ जेमतेम उघडून घोट घोट प्यायले. काजळी जाते आहे हे मला जिभेवर कळत होतं. तेवढ्यात चुलतसासू म्हणाल्या, नव्या सुनेनं नाव घेतल्याशिवाय पुढचा घास नाही. सगळ्या बाया ओरडल्या, घे, घे! मी मान खाली घालून पुटपुटले. "मोठ्यानं! ऐकू नाई आलं!" मग मी मान वर केली आणि उखाणा घेतला. आईनं शिकवलेला होता, चांगला लांब.

तो संपेपर्यंत सगळ्या बायांचे डोळे माझ्या तोंडावर आले होते.

"अवं माय!" चुलतसासू म्हणाल्या. "इचे चार दात पांढरेच हायेत नं!" त्या पाटावरून उठून आल्या, माझी हनुवटी धरली आणि अंगठ्यानं दात घासून पाहिले. अंगठ्याला काजळ लागलं ते सगळ्यांना दाखवलं. "हे पाहा. फासून आली. दात खोटे हायेत इचे."

आत्याबाईंच्या हातात वाढायचा डाव होता. तो तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. मग ओसरीकडे तोंड करून त्यांनी लेकाला हाक मारली. ते आले, दारात उभे राहिले.

"तुह्या बायकोचे दात खोटे हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "तुले माहीत होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. मी मनात म्हणत होते, सांगा. काय होईल फार तर? तुम्ही घरातले एकुलते एक. तुम्ही हो म्हटलंत तर आत्याबाई दोन दिवस रुसतील आणि विषय मिटेल.

"मले काय माहीत?" ते म्हणाले. "मलेबी तं फसवलं."

रहाटाचा दांडा बसला तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान रक्त आलं होतं. मी तोंड उघडलं, म्हणणार होते की यांना श्रावणापासून ठाऊक आहे. पण भर पंगतीत, देवीसमोर, नवऱ्याला खोटं पाडायचं तर माझं कोण ऐकणार? खोट्या दातांची मी. खोटी मीच ठरणार होते. मी तोंड मिटलं आणि पानावरून उठले. रात्री आत्याबाईंनी विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं, विहिरीवर दोन दात पडले होते.

मामंजी शांत माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. सण पार पडला, देवी उठल्या, आणि मग त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. हिंगणघाटला माझ्या बाबांना निरोप धाडायचा. आणि तोवर तोंडातलं खोटं काढून टाकायचं, कारण खोटं घेऊन घरात राहायचं नाही. डॉक्टर कुठला? गावातल्या सोनाराला बोलावलं.

सोनार म्हातारा होता, आपली हत्यारांची पिशवी घेऊन ओट्यावर बसला. माझ्या तोंडात डोकावून तो बिचारा घाबरला. "पाटील, हे काम माह्यं नाई. मी बुगड्या काढतो, अडकलेली आंगठी काढतो. तोंडातलं मी कई काढलं नाई."

"सोनं हाये नं त्याच्यात?" मामंजी म्हणाले. "मंग तुह्यंच काम."

मी जास्त लिहीत नाही. चिमटा होता, आणि टोपी सैल करायला बारीक छिन्नी होती. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर धरलं होतं. पूल निघाला तेव्हा एका बाजूचा घासलेला खुंट त्याच्यासोबतच मोडून आला. दुसऱ्या बाजूचा राहिला, कणीएवढा. यजमान वावरात गेले होते.

रक्त थांबल्यावर आत्याबाईंनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "चार! दोन म्हणत होती, चार दात नव्हते पोट्टीले!"

मी फडकं बाजूला करून म्हटलं, ते बाजूचे दोन माझे चांगले होते. डॉक्टरनं घासले.

"चांगले दात कोणी घासते का?" मामंजी म्हणाले. "आमाले येडे समजते का?"

आता यावर काय बोलायचं? खरंच, चांगले दात कोण घासतं? मी त्यांच्या जागी असते तर माझाही विश्वास बसला नसता. चार दात नसलेली मुलगी फसवून गळ्यात मारली, आणि वर दोनच गेले असं ती खोटं बोलते, असं ठरलं. सोनारानं पूल वितळवून सोनं वेगळं केलं. आत्याबाई म्हणाल्या, सोनं कधी उष्टं होत नाही, आणि त्याचे दोन मणी करून माझ्या मंगळसूत्रात ओवले. मी ओवू दिले.

बाबा आले. बसच्या धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत माखलेले. त्यांना ओसरीवर बसवून पाणी दिलं आणि मामंजींनी विचारलं, चार दात नसलेली पोरगी कशी दिली? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सगळ्या जगात एकच माणूस सांगू शकत होता की दोन दात चांगले होते. त्याच्यासमोरच घासले होते, त्याच्याच सांगण्यावरून. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात जोडले.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "पोरीले पदरात घ्या."

मामंजींनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, पोरीचा काय दोष. कामाची आहे, स्वभाव चांगला आहे, ठेवून घेतो. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मामंजींचे पाय धरले. यजमान बाजूला उभे होते, त्यांनी वाकून बाबांना उठवलं. फार सभ्यपणे उठवलं. आत्याबाईंनी आतून चहा पाठवला. त्याच संध्याकाळी भाकर दुधात कुस्करून माझ्यापुढे ठेवताना त्या हळूच म्हणाल्या, "दुखते का वं अजून? आधी सांगतलं असतं तं म्या दातवणच नसतं लावलं." खरं की खोटं देव जाणे. पण दुखतं का, हे विचारणारी त्या घरात ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी बाबांना कारंज्याच्या रस्त्यापर्यंत पोचवायला मी गेले. रस्त्याला ट्रक उभे होते, ढाब्यावर सरदारजी चहा पीत होते. आम्ही निंबाखाली बस येण्याची वाट पाहत उभे राहिलो.

"चार काऊन म्हणू देलं, बाबा?" मी विचारलं. तोंडातून वारा निघत होता, तरी विचारलं.

"दोन काय आन् चार काय, पोरी," ते म्हणाले. "वाद घातला असता तं तुले माह्या संगं धाडलं असतं."

"मंग धाडू द्याचं होतं. मले घरी न्या."

ते दचकले. इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं की काय म्हणून. "असं बोलू नये. लय मोठ्या मनाची मानसं हायेत. जावई तं देवमाणूस. एक शब्द वाईट बोलला नाई."

मी त्यांना सांगणार होते जावयाचं. पण त्यांचा चेहरा इतका हलका झालेला होता, लग्नाच्या दिवशीसुद्धा इतका नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? बस आली. ते खिडकीतून हात हलवत गेले आणि मी घरी परत आले.

त्या दिवसापासून मी नवऱ्याशी बोलणं सोडलं. स्वयंपाक केला, वावरात राबले, पुढे मुलं झाली, सगळं झालं. आत्याबाईंशी बोलायची, गड्यांशी बोलायची, गायीशीसुद्धा बोलायची. त्यांच्याशी नाही. हो-नाही मानेनं. ते पहिल्या पहिल्यांदा मागे लागायचे, कधी कणसाचे दाणे काढून वाटी पुढे ठेवायचे. मी वाटी आत्याबाईंना द्यायची. मग तेही गप्प झाले.

गावाला याचं नवल वाटलं नाही. चार दात गेलेली तरुण बाई, नवऱ्यापुढे तोंड उघडायला लाजणारच. आत्याबाईंनाही तेच वाटायचं. तीन-चार वर्षांनी पीक चांगलं आलं, तेव्हा त्या लेकाला म्हणाल्या, पोरीला नागपूरला ने, चांगले दात बसवून आण, बिचारी शरमेनं तुझ्याशी बोलतसुद्धा नाही. ते उठून माझ्यापुढे आले. "चाल," ते म्हणाले. "उद्याच जाऊ. पाहिजे तसे बसवू."

मी मान हलवून नाही म्हटलं. आत्याबाईंनी खूप समजावलं, शेजारच्या बायांनी समजावलं. दुखायच्या भीतीनं नाही म्हणते, असं सगळ्यांचं मत पडलं.

दात आले असते, तर बोलावं लागलं असतं.